बसव्वाच्या नावावरचा आकडा

मुगदहळ्ळीच्या मठासमोर दानेश्वरीने शब्द दिला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सरकारी कामावर आलेल्या माणसाला टाळ्या मिळणं ही आपल्याकडे काही रोजची गोष्ट नाही. त्या टाळ्यांनीच पुढचा सगळा घोळ केला असं म्हणायला हरकत नाही. निदान दानेश्वरी स्वतःला पुष्कळ दिवस असंच सांगत होती.

झालं होतं असं. दूर किनाऱ्यावरच्या एका अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्याला दोन महिने उलटले होते. वारा कुठून कुठे फिरला ते वाऱ्याला ठाऊक, पण अक्कलकोटच्या दक्षिणेकडच्या सात-आठ गावांवर नेमकी त्याच दिवशी भुरभुर झाली, आणि हवेतलं सीझियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य त्या गावांच्या रानात उतरलं. सोलापूर शहर वाचलं, ही गावं सापडली. हिरवा चारा बंद, गावचं दूध बंद, पालेभाजी बंद. टँकरचं पाणी प्या आणि पाकिटातलं दूध घ्या. मग प्रश्न आला माणसांचा. हे सगळं बंद होण्याआधी जे खाल्लं-प्यायलं गेलं, त्यातून कुणाच्या अंगात किती गेलं? ते मोजायला एक मोठी पांढरी बस सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेच्या मैदानात येऊन उभी राहिली. बसमध्ये एक खुर्ची. माणसाने तिच्यात पाठ टेकून दोन मिनिटं गप्प बसायचं. छातीसमोरचं यंत्र अंगातून बाहेर पडणारे किरण मोजतं आणि पडद्यावर आकडा उमटतो. टोचणं नाही, कापणं नाही, काही नाही.

तरी पहिल्या दिवशी मुगदहळ्ळीहून निघालेली एसटी अर्धी रिकामी आली, आणि त्यातलेही निम्मे लोक दारावरचा कागद वाचून माघारी फिरले. गावात आधीच आवई उठली होती की तिथे गळ्यातलं लिंग काढून ताटलीत ठेवायला लावतात. मुगदहळ्ळीत बहुतेक घरं लिंगायतांची. लहानपणी गळ्यात आलेलं इष्टलिंग माणूस मेल्यावर त्याच्याबरोबर मातीत जातं, मधे ते अंगापासून दूर होत नाही. आणि आवई अगदीच खोटी नव्हती. दारावर लिहिलंच होतं की गळ्यातल्या आणि अंगावरच्या सगळ्या वस्तू काढून ठेवाव्यात, भस्म-कुंकू ओल्या कपड्याने पुसावं आणि दिलेला झगा घालावा.

दानेश्वरी शहरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन तिला या बसवर नेमलं होतं. मुगदहळ्ळी तिचं आजोळ, म्हणून बसच्या प्रमुख वैजयंती मॅडमनी लोकांना समजावायला तिलाच धाडलं. मॅडम मोहोळकडच्या, शेतकऱ्याच्या घरातून शिकून अणुशास्त्रज्ञ झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. "तुमची माणसं आहेत, तुमच्या भाषेत सांगा. वस्तू का काढायच्या ते पटलं की काढतील," एवढंच त्या म्हणाल्या.

दानेश्वरीने नेमकं तेच सांगितलं नाही. मठासमोर उभी राहून ती आधी कन्नडात आणि मग मराठीत म्हणाली, "कुणाच्या गळ्याला कुणी हात लावणार न्हाय. माझा शब्द हाय." टाळ्या पडल्या त्या इथे. दुसऱ्या दिवशी दोन एसट्या गच्च भरून आल्या. एका वर्तमानपत्रात तिचा फोटोसुद्धा आला आणि खाली श्रद्धा आणि विज्ञानाचा मेळ घालणारी लेक वगैरे मजकूर.

मेळ कसला डोंबलाचा. पळवाट होती ती. खरी गोष्ट अशी, की दानेश्वरीच्या स्वतःच्या गळ्यात लिंग नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी पुण्याच्या हॉस्टेलवर असताना लिंगाचा दोरा तुटला. सुट्टीत घरी गेल्यावर नवा ओवू म्हणून तिने लिंग एका डबीत ठेवलं, आणि ते ओवणं राहून गेलं. देवाशी भांडण नव्हतं, चार पुस्तकं वाचून मत बदललं असंही नव्हतं. निव्वळ आळस. भांडण असतं तर निदान मान ताठ ठेवून सांगता तरी आलं असतं. आळसाचं काय सांगणार? ती गळाबंद कुडते घालायला लागली, आणि आईला अजून पत्ता नव्हता. आता सत्तरीच्या बायकांना ती 'काढा' कुठल्या तोंडाने म्हणणार होती? एखादीने सहज "तुझं कुटं हाय गं?" एवढं विचारलं असतं, तरी भर मठासमोर तिची अब्रू गेली असती. म्हणून ती शब्द देऊन मोकळी झाली.

बसव्वा आली तिसऱ्या दिवशी. दानेश्वरीच्या आईची ही थोरली चुलत बहीण, म्हणून दानेश्वरीची दोड्डव्वा, मोठी आई. सुट्टीत आजोळी गेलं की कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला पोरं हिच्याच ओट्यावर जमायची. आता वय अडुसष्ट, पण चालणं झपाझप. कपाळावर, गळ्याशी, दोन्ही दंडांवर विभूतीचे पांढरे पट्टे. ही विभूती विकतची नव्हे. घरच्या गाईचं शेण वाळवायचं, भुशाच्या आगीत भाजायचं, राख वस्त्रगाळ करायची आणि पाण्याचा हात लावून तिचे गोळे वळायचे, हे काम बसव्वा पन्नास वर्षं करत आली होती. अर्ध्या गावाच्या कपाळाला तिच्या हातची विभूती असायची. तिच्या गळ्यातल्या पिशवीत कापडात गुंडाळलेलं लिंग, आणि त्याच्याबरोबर लिंबाएवढा विभूतीचा एक गोळा कायम.

खुर्चीत बसताना तिने पिशवीवर हात ठेवला. "ही ऱ्हाऊ दे का गं? तितं कागदावर काढा म्हणून लिवलंय."

तिने विचारलं होतं. हे पुढे दानेश्वरीला सगळ्यात जास्त टोचलं. बाई आपण होऊन विचारत होती, कागद वाचून आली होती. दानेश्वरीने कुडत्याची वरची गुंडी नीट आहे ना ते चाचपलं आणि म्हणाली, "राहू दे दोड्डव्वा." फॉर्मवर 'अंगावरील वस्तू काढल्या' अशी ओळ होती, पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. तिने होयवर खूण केली. तिच्या शब्दावर आलेल्या गावच्या सगळ्यांच्या फॉर्मवरही तिने तशीच केली होती.

दोन मिनिटांनी पडदा लाल झाला. मुगदहळ्ळीत तोवर कुणाचाच आकडा मर्यादेच्या वर गेला नव्हता, बसव्वाचा सहापट होता. तिचा मुलगा प्रभु आणि सून श्रीदेवी यांचे आकडे तर नगण्य आले होते, एकाच चुलीवरचं खाऊन. वैजयंती मॅडम आल्या, पडदा बघितला आणि विचारलं, "वस्तू काढल्या होत्या ना?"

"हो," दानेश्वरी म्हणाली.

त्या एका अक्षरावर सगळं फिरलं. मॅडमनी बसव्वाला खोदून खोदून विचारलं, घरच्या गाईचं दूध प्यालात का, रानातली भाजी खाल्ली का. बसव्वा म्हणत राहिली, "न्हाय बाई. बंद म्हटल्यापासनं थेंबबी न्हाय." मॅडमनी मान हलवली. लोक विसरतात, कधी लपवतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. "महिन्याने पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या आणि बसव्वाच्या हातात तिच्या नावाचा कागद दिला. आकड्याभोवती लाल चौकट. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की याचा दुसऱ्याला संसर्ग होत नाही. बारीक अक्षर कोण वाचतं?

चौथ्या दिवशी संध्याकाळी बसमधलं काम आटोपल्यावर दानेश्वरी हातातलं मीटर घेऊन खुर्ची तपासत होती. रोजचाच रिवाज. पाठीच्या आणि बैठकीच्या मधल्या सांध्यापाशी मीटर कटकट करायला लागलं. तिने वाकून बघितलं. पांढऱ्या राखेचा एक कण, भाताच्या शिताएवढा. त्या पांढऱ्या रंगाची ओळख तिला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती, तिच्या लहानपणी रोज सकाळी तो कपाळावर असायचा. क्षणात सगळं लख्ख झालं. ओला चारा गाईने खाल्ला, शेणातून ते बाहेर पडलं, आणि जाळल्यावर राखेत गोळा होऊन बसलं. सरकारने दुधाचे नमुने घेतले, भाजीचे घेतले, विहिरीचे घेतले. शेणाचे घ्यावेत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बसव्वाच्या अंगात काही नव्हतं. होतं ते पिशवीत, यंत्राच्या अगदी तोंडाशी.

दानेश्वरीने ओला कपडा घेतला आणि तो कण पुसून टाकला. कपडा कचऱ्याच्या बंद डब्यात टाकला, डब्यावर तारीख लिहिली, सगळं नियमाने. फक्त सांगितलं नाही कुणाला. सांगायचं तर होयवरच्या त्या सगळ्या खुणा खोट्या निघणार. मॅडम विचारणार, का? मठासमोर परत जावं लागणार आणि म्हणावं लागणार की शब्द मागे घेते, लिंग काढा, आणि शिवाय तुमची विभूती बाधलेली आहे. हे ज्या तोंडाने म्हणायचं त्या तोंडाखालचा गळा रिकामा. महिन्याने पुन्हा मोजणी आहेच की, तेव्हा गुपचूप पिशवी बाजूला ठेवायला सांगू, आकडा खाली येईल, सगळे म्हणतील औषधाशिवाय बरी झाली. अशी सोय तिने मनाशी लावून टाकली. माणसाला स्वतःपुरती सोय लावायला किती कमी वेळ लागतो.

पण लाज काही गप्प बसू देईना. भाकरीचा तुकडा मोडला की बसव्वाचा ओटा आठवायचा. आईचा फोन आला की ती दोन मिनिटांत ठेवून द्यायची. वर्तमानपत्रातलं ते कात्रण आईने चौकटीत लावून भिंतीवर टांगलं, तेव्हा दानेश्वरीने महिनाभर आईकडे जायचं टाळायचं ठरवलं.

कागद दिल्याला तीन आठवडे होऊन गेल्यावर एका दुपारी प्रभु बसपाशी आला. चाळिशीतला साधा माणूस, टोपी हातात घेऊन उभा.

"ताई, महिना व्हायला अजून किती दिस?"

"आठवडाभर. का? काय झालं?"

"काय न्हाय." तो थोडा वेळ टोपी फिरवत राहिला. "अव्वा गोठ्याशेजारच्या खोलीत ऱ्हाती. आमी न्हाय घातलं तिला, आपणच गेली. कागद आला त्या दिवशी श्रीदेवीनं बाळ तिच्या मांडीवरनं उचललं. बोलली काय न्हाय, नुसतं उचललं. अव्वानं तवाच ताट-तांब्या घेतला आन गेली. बाळ दहा म्हयन्याचं हाय ताई, श्रीदेवीबी भ्याली. आता ती म्हायेरी हाय, मोहोळला."

"दोड्डव्वा जेवते का?"

"अर्दी भाकर. मला म्हणती, दारातच ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबनंच बोलती. दिसभर आपली इबूत करत बसती."

दानेश्वरीने हातातला फॉर्म खाली ठेवला. "अजून करते?"

"तेवडंच करती. बाळाला पाटवती की. परवा मी आणिक एक डबा नेऊन दिला मोहोळला."

इतके दिवस दानेश्वरीने एका म्हातारीच्या महिनाभराच्या मनस्तापाचा हिशेब केला होता, आणि तोही स्वतःला झेपेल इतकाच. ती राख हाताहाताने कुठे कुठे जाते हे तिला सुचलं नव्हतं असं नाही, तिने सुचू दिलं नव्हतं. तिने मीटर पिशवीत टाकलं, मॅडमना "गावाकडे जाऊन येते" एवढं कळवलं, आणि प्रभुच्या मोटारसायकलवर मागे बसली.

गोठ्याशेजारची खोली म्हणजे पूर्वीची कडब्याची खोली. दारातच एका फळीवर विभूतीचे पंचवीस-तीस गोळे ओळीने वाळत होते. बसव्वा उंबऱ्याआड बसली होती. दानेश्वरीला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच तिने हात वर केला. "तितंच थांब बाळा. आत येऊ नगंस."

दानेश्वरी थांबली नाही. फळीजवळ जाऊन तिने मीटर सुरू केलं. ते तडतडायला लागलं.

"काय म्हणतंय ते?" बसव्वाने विचारलं.

दानेश्वरी खाली बसली आणि सांगायला लागली. चारा, गाय, शेण, राख. एकदा तोंड उघडल्यावर ती भराभर बोलत गेली, मधे थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही अशी तिला भीती होती. बसव्वाने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझ्या अंगात न्हाय?"

"बहुतेक नाही. पिशवीत आहे. पिशवी बाजूला ठेवून मोजायला हवं होतं."

"मी तर तुला इचारलं हुतं."

"हो."

"मग?"

प्रभु दोन पावलांवर उभा होता. त्याच्यादेखत बोलावं लागणार होतं. "माझ्याच गळ्यात नाही दोड्डव्वा," दानेश्वरी म्हणाली. "अकरा वर्षं झाली. तुला काढ म्हणायची लाज वाटली. तू माझं विचारलं असतंस तर..."

"ते मला ठावं हाय," बसव्वा म्हणाली. "प्रभुच्या लग्नात वाकून पाया पडलीस तवाच दिसलं, दोरा न्हवता. तुझ्या आईला बोलले न्हाय मी. पोरं शिकाय भाईर जात्यात, ऱ्हातंय काय काय." तिने पिशवी हातात घेतली. "आन काढायचं कुटं हुतं गं? रोज पूजेला डाव्या तळहातावर घेतोच की आमी. तसं घेऊन हात लांब धरला असता, पिशवी भाईर ठेवली असती. दोन मिंटं तर बसायचं. तुला एवडंबी आठवलं न्हाय?"

नव्हतं आठवलं. लहानपणी रोज सकाळी आजीच्या तळहातावर बघितलेलं, स्वतः केलेलं, आणि नव्हतं आठवलं. सगळीच्या सगळी माणसं शब्द न मोडता, लिंग अंगापासून दूर न करता मोजून झाली असती. दानेश्वरीला बसव्वाकडे बघवेना.

"कवा कळलं तुला हे?"

"चौथ्या दिवशी."

"आन आज पंचविसावा." बसव्वाने एवढंच म्हटलं. दिवस मोजायला तिला बोटं लागली नाहीत. मग तिची नजर फळीवरच्या गोळ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. "परभ्या," ती मुलाला म्हणाली, "मोहोळला फोन लाव. म्हणावं, डब्याला हात लावू नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसपाशी जमले. दानेश्वरीने कामाला हात लावण्याआधी वैजयंती मॅडमना सगळं सांगितलं, खोट्या खुणा आणि पुसलेल्या कणासकट. मॅडमच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण त्या ओरडल्या नाहीत. "तुमचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी माणसं." आज खुर्चीपाशी त्या स्वतः उभ्या राहिल्या, दानेश्वरीला त्यांनी दाराजवळ थांबवलं.

बसव्वा न्हाऊन आली होती. कपाळ कोरं. कोऱ्या कपाळाची बसव्वा कुणी कधी पाहिली नव्हती. ती एकदम लहान दिसत होती. लिंग धुऊन तिने डाव्या तळहातावर घेतलं, हात बाजूला लांब धरला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं तो हात हलला नाही. पडद्यावर आकडा आला, प्रभुच्या आकड्याएवढाच.

मग श्रीदेवी बाळाला घेऊन बसली. तिने येताना तो डबा आणला होता आणि तो बंद पिशवीत टेबलावर ठेवला होता. बाळाचा आकडा आल्यावर मॅडमनी तो दोनदा वाचला.

"थोडं आहे," त्या श्रीदेवीला म्हणाल्या. "घाबरू नका, मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे आणि दोन महिन्यांत आपोआप निघून जाईल. पण पोटातच गेलंय ते. हे भस्म रोज लावत होता का?"

श्रीदेवी सासूला आत्ती म्हणायची. ती टेबलाकडे बघत बोलली. "आदी सणावारालाच लावायची मी. आत्तीच लावायच्या, मला इसर पडायचा. मोहोळला गेल्यापासनं मात्र सकाळ-संध्याकाळ लावली. आत्तीला मी बाळाला हात लावू दिला न्हाय. लई वंगाळ वाटायचं मनाला. म्हटलं, निदान त्यांच्या हातची इबूत तरी लागू दे त्याला. बोटं चाटायचा तो. मी म्हटलं, चाटू दे, देवाचंच हाय."

दारापाशी दानेश्वरीला सगळं ऐकू गेलं. अकरा वर्षं ती ज्याला लाज म्हणत होती ती नुसती मिजास होती, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं एवढीच. लाज ही होती, जिच्यात दहा महिन्यांच्या पोराचा आकडा असतो.

श्रीदेवी उठली आणि बाळाला बसव्वाच्या मांडीवर ठेवायला वाकली. "आत्ती, घ्या." बसव्वाने दोन्ही हात पदराखाली घेतले. "थांब," ती म्हणाली आणि बसमधून उतरून मैदानाच्या कडेच्या नळापाशी गेली. साबण लावून तिने हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. मग खालची वाळू घेऊन तळवे घासायला लागली. बोटांची कातडी लाल झाली तरी थांबेना. श्रीदेवी बाळाला घेऊन मागे उभी राहिली, प्रभु नुसता बघत राहिला. शेवटी दानेश्वरी पुढे झाली.

"दोड्डव्वा, पुरे. हात स्वच्छ आहेत."

बसव्वाने मान वर केली नाही. "कोण सांगतंय?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं की हे कुणाच्या भरवशावर मानायचं. दानेश्वरी बसमध्ये गेली, मीटर घेऊन आली आणि ते स्वतः न धरता श्रीदेवीच्या हातात दिलं. काटा कुठे असला की चांगलं, कुठे गेला की वाईट, एवढं दाखवलं आणि बाळाला क्षणभर प्रभुकडे द्यायला सांगून बाजूला झाली. श्रीदेवीने सासूचे ओले हात पुढे घेतले. तळवे बघितले, पालथे करून बघितले, एकेक बोट वेगळं करून बघितलं. तिला जेवढा वेळ लागला तेवढा तिने घेतला. मग मीटर खाली ठेवलं आणि बाळ बसव्वाच्या हातात दिलं.

दानेश्वरी तिथे थांबली नाही. बसमध्ये टेबलावर बसव्वाचा दुरुस्तीचा फॉर्म पडला होता, आणि त्याखाली बाकीच्या सगळ्यांचे, ज्यांना मठासमोर जाऊन तिलाच बोलावून आणायचं होतं. पहिल्या फॉर्मवर तिने जुना आकडा खोडला, नवा लिहिला. पुढचा रकाना होता चुकीच्या कारणाचा. वर नमुन्यादाखल छापलं होतं, यंत्रातील बिघाड, वीजपुरवठा, इतर. तिने इतरच्या पुढे लिहिलं, 'मोजणारीला लाज वाटली.' असलं कारण वर चालणार नाही, मॅडम परत लिहायला लावतील, हे तिला ठाऊक होतं. तिने ते खोडलं नाही, आणि दुसरा फॉर्म पुढे ओढला.